महागडा प्रोसेसर आणि अल्लीपूरची लग्नपत्रिका

चूक माझी होती, आणि ती मी एका बाईच्या माथी मारली. तीही चार गिऱ्हाइकांसमोर.

दोन हजार सालच्या आसपास वर्ध्यात माझं कॉम्प्युटर जोडून विकायचं दुकान होतं. येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "प्रोसेसर कितीचा?" वेगाचा, म्हणजे मेगाहर्ट्झचा आकडा मोठा म्हणजे मशीन चांगली. डब्यात बाकी काय आहे, हे कोणी विचारत नसे. मीही तेच मानत होतो.

अल्लीपूरच्या एका बाईंनी टायपिंगची नोकरी सोडून गावात लग्नपत्रिका करून द्यायचं ठरवलं. त्यांनी स्वस्तातला प्रोसेसरच मागितला होता. मी हसलो. "ताई, तो पोरांच्या खेळाले ठीक. धंद्याले मोठाच लागते." मोठा प्रोसेसर त्यांच्या बजेटमध्ये बसावा म्हणून मी मेमरी निम्मी केली.

ऐन लग्नसराईत त्या दुकानात आल्या.

"भाऊ, गणपतीचं चित्र टाकलं का मशीन ध्यानाले बसते. नवरदेवाचा बाप समोर उभा, अन् मी त्याले चहा पाजून राह्यली! दोन पार्ट्या हिंगणघाटले गेल्या."

"मशीन एक नंबर आहे," मी म्हणालो. "तुमालेच चालवता येत नाई."

गिऱ्हाइकं हसली. त्या निघून गेल्या.

ते हसणं मला पचेना. रविवारी मी दोन मशीन शेजारी मांडल्या. एकीत मोठा प्रोसेसर आणि निम्मी मेमरी, दुसरीत स्वस्त प्रोसेसर आणि पूर्ण मेमरी. दुसरी तर थोडी स्वस्तच पडत होती. दोन्हींवर एकच पत्रिका उघडली. स्वस्त मशीनवरून छापील कागद हातात आला, तरी मेमरी कमी पडल्यानं महागडीची हार्डडिस्क कुरकुरतच होती. तीनदा करून पाहिलं. तीनदा तेच.

सोमवारपासून दोन्ही मशीन काउंटरवर ठेवल्या. येणाऱ्याला सांगायचो, आपलं काम आपणच करून पाहा, मग पैसे काढा. शेजारचा दुकानदार ओरडला, "काऊन बे, मोठा माल भेटत नाई का तुले आता?" काही गिऱ्हाइकं त्याच्याकडे गेली. जाऊ देत. मी हटलो नाही. आजही कोणी आकडा फेकला की मी विचारतो, तुझं काम काय ते सांग आधी.

बाजाराशी भांडणं सोपं होतं. अल्लीपूरच्या एसटीत बसायला मात्र मला आणखी पंधरा दिवस लागले.

त्यांच्या मशीनमध्ये मी कमी केलेली मेमरीची पट्टी खिशात घेऊन गेलो. त्यांच्या दुकानात तिघं जण पत्रिकेसाठी थांबले होते.

"काय भाऊ, चालवाले शिकवाले आले का?"

त्यांना बाजूला बोलावून सांगावं, असं क्षणभर वाटलं. मग तिथंच, सगळ्यांसमोर म्हणालो, "ताई, मशीन तुमाले बरोबर चालवता येत होती. मलेच निवडता आली नाई. तुमी मागितला तोच प्रोसेसर ठीक होता. चुकलं माझं. माफ करा."