तोंडी परीक्षा

आठवीतून शाळा सुटली तेव्हापासून भरायचा कागद समोर आला की मी तो दुसऱ्याकडे सरकवतो. चाकणला फोर्कलिफ्ट दुरुस्तीच्या कामावर लागलो तेव्हाही लेखी परीक्षा होतीच. आमचे सर्व्हिस इन्चार्ज दुसरबीडचे, मी अमडापूरचा, दोघं एकाच जिल्ह्यातले. पण नुसता जिल्हा बघून त्यांनी मला घेतलं नाही. माझा पेपर कोराच पाहून त्यांनी तो काढून घेतला आणि मला चालू मशीनपाशी उभं केलं. "काय बिघडलं, सांग बे." मी आवाज ऐकून सांगत गेलो. उत्तरं त्यांनी लिहिली, खाली सही केली. त्या सहीवर माझं घर चाललं आहे.

पुढे एका मोठ्या कंपनीने आमची कंपनी विकत घेतली. त्याआधी त्यांनी आणखी एक घेतलीच होती. तीन सर्व्हिस सेंटरचं एक होणार, इन्चार्जही एकच राहणार, असं कळलं. सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतले. त्यात एक प्रश्न होता, 'काम कोणी शिकवलं?' आमच्या इन्चार्ज साहेबांचंच नाव वरपर्यंत जावं म्हणून मी दोन दिवस जुळवून लिहिलं: साहेबांनी माझी परीक्षा तोंडी घेतली, पेपर स्वतः लिहिला, त्यांचे फार उपकार आहेत.

पंधरवड्यात साहेबांना घरी पाठवलं. नियम मोडला म्हणे. मला मात्र नवं ट्रेनिंग देऊन ठेवून घेतलं.

सुट्टी मिळाली तसा घरी जायच्या आधी दुसरबीडला उतरलो. रस्त्याच्या कडेला साहेबांनी पंक्चरचं दुकान टाकलं होतं.

"साहेब, तो फॉर्म..."

"वाचून दाखवला मले," ट्यूब पाण्यात दाबत ते म्हणाले. "तुहं अक्षर पयल्यांदाच पाह्यलं. बरं हाये."

"चुकलं माहं."

"खोटं लेहलं होतं काय?"

"नाही."

"मंग रडून काऊन राह्यला? गिऱ्हाइकं पाहून राह्यली. बस, चहा घे."

चहा अर्धा झाला तेव्हा त्यांनी विचारलं, "आपल्या त्या जुन्या तीन टनीची साखळी बदलली का रे? मी निघालो तवा वाजत होती."

ती फोर्कलिफ्ट भंगारात गेली होती. नव्या मालकांनी ते मॉडेलच बंद केलं. सुटे भाग येत नाहीत.

"बदलली, साहेब. मीच बदलली."

"आता वाजत नाही नं?"

"नाही."

"हाव," म्हणून ते पुन्हा ट्यूब घासायला लागले. मला त्यांच्याकडे बघवेना.