तीनदा काढलेली सूचना

तुमचे आजोबा म्हशाच्या जत्रेत हरवले होते, एवढं तुम्हाला माहीत आहे. ते दुसऱ्याच दिवशी सापडले असते, हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. आता क्रमाने सांगते.

तेव्हा शहापूर-मुरबाडच्या लोकांचा इंटरनेटवर एक फोरम होता. मुंबईत नोकरीला जाणारे, परदेशी गेलेले, सगळे तिथे लिहीत. तुमचा बाबाही परदेशातून रोज वाचत असे. देखरेखीला आम्ही दोघं: मी आणि शहापूरचा एक जुना विद्यार्थी, माझा आणि आजोबांचाही. कुणाचा फोन नंबर उघड्यावर टाकायचा नाही, हा नियम माझा. त्याच्या भावाचा बैल हरवला तेव्हा त्याने नंबरासकट सूचना लावली. मी काढली. त्याने पुन्हा लावली, मी पुन्हा काढली. बैल मिळाला नाही, आणि आमचं बोलणं बंद झालं.

पुढच्याच महिन्यात जत्रेच्या गर्दीत आजोबांचा हात माझ्या हातून सुटला. वर्षभर ते विसरू लागले होते. मी ते सगळ्यांपासून झाकून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोलिसांकडून परत आले आणि फोरमवर लिहिलं, ‘एक वृद्ध गृहस्थ म्हशाहून बेपत्ता. पांढरा सदरा, तपकिरी स्वेटर.’ नाव घातलं नाही. नंबर शेजाऱ्यांचा दिला. आपला दिला असता तर तुमच्या बाबाने ओळखला असता.

थोड्याच वेळात सूचना गायब. कारण म्हणून माझंच नियमातलं वाक्य. मी परत लावली. परत गेली. मी त्या विद्यार्थ्याला फोन केला नाही. आधी त्याने करावा, असं वाटत होतं. तिसऱ्यांदा गेली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मग केला.

“काय बाई, आमच्या बैलाला नियम, आन् तुमच्या पाव्हण्याला नाय?”

“पाहुणे नाहीत रे. तुझे सर आहेत.”

तो म्हणाला, “एवढं लिवायचं तरी होतं वो, बाई.”

त्याने लगेच सूचना लावली, नावासकट. चारच्या सुमारास शेणव्याच्या एकाचं उत्तर आलं. तो मुंबईला नोकरीला होता. ‘सकाळी निघताना हे गृहस्थ आमच्या एसटी थांब्यावर बसलेले पाहिले. दुपारी बाराला ऑफिसात सूचना वाचली. नंबर टिपायला पेन आणेपर्यंत ती नव्हती. वाटलं, सापडले असतील, म्हणून काढली. आत्ता भावाला फोन केला. तो म्हणतो, दीडपर्यंत तिथेच होते, मग कुठल्यातरी जीपमध्ये बसले.’

पाचव्या दिवशी ते खर्डीच्या पुढे रस्त्याकडेला सापडले. पायांना कुणीतरी फडकी बांधली होती. मला पाहून त्यांनी हात जोडले.

“बाई, आमच्या हिला कुठे पाहिलंत का?”

त्यानंतर दोन वर्षं, रोज, ते मला हेच विचारत राहिले.