वजनकाट्यावरचा आवाज

गेल्या दिवाळीच्या तोंडावर जळगावात पत्रकारांना शोधबातम्यांसाठी एआय वापरायला शिकवायला गेलो होतो. बरीच वर्षं बातमीदारी केल्यावर आता हेच माझं काम आहे. हॉलमध्ये जळगावचे आणि धुळ्याचे वार्ताहर होते. त्यांतले बहुतेक बातम्याही देतात आणि दिवाळी पुरवणीसाठी जाहिरातीही गोळा करतात. मीही तेच केलेलं आहे. म्हणून पुढे काय होईल हे मला तरी कळायला हवं होतं.

मधल्या सुट्टीत धुळ्याची एक तरुण वार्ताहर माझ्याकडे आली. तिच्या मोबाइलमध्ये एका माणसाचं बोलणं होतं. मूळचा धुळ्याकडचा हा माणूस जळगावच्या एका डाळमिलमध्ये गेटजवळच्या वजनकाट्यावर कामाला होता. रेशनची डाळ पोती बदलून बाजारात जाते, असं त्याने तिला सांगितलं होतं. जळगावच्या एकाही वार्ताहराशी तो बोलला नव्हता. मालकाकडे जाहिरात मागायला कोण कोण येतं, हे तो रोज बघत होता.

"सर, बोलणं अहिराणीत आहे. एखादं टूल हे लिहून देईल का?"

"द्या इकडे. सगळ्यांसमोरच बघू."

ती घुटमळली. "सर, नंतर बघितलं तर?"

"अहो, शिकायलाच आलोय ना सगळे!" म्हणत मी मोबाइल घेतला आणि स्पीकरला जोडला.

"बठ्ठा माल रेशनना शे, ताई. आठे फक्त पोता बदलतस."

पडद्यावर भलतीच वाक्यं उमटली. हॉल हसला. माझं टूल फसलं म्हणून हसतायत, एवढंच मला बोचलं. आवाज वाढवून मी तेच पुन्हा लावलं. मग आणखी एकदा.

मागून जळगावचा एक जण ओरडला, "अरे, हा तर काट्यावरचा नाना! गेटवर मला हाच अडवतो."

"मग गेली तुझी यंदाची जाहिरात!" शेजारचा म्हणाला.

पुन्हा हशा. मीही हसलो. तिने पुढे येऊन मोबाइलची वायर उपसली.

संध्याकाळी तिला नानांचा फोन आला. मालकाने नानांना कामावरून काढलं होतं. मिलमध्ये कोणी कळवलं ते समजलं नाही. मी कोणाला विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत त्यांच्या घरी गेलो. माफी मागायची, असं रिक्षात मनाशी पक्कं केलं होतं. नानांनी आम्हाला आत बसवलं. तिच्याकडे बघून म्हणाले, "तुले सांगेल व्हतं ना ताई, आवाज कोणले ऐकाडू नको." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही कोण, भाऊ?"

"मी पत्रकारांना शिकवतो."

"मंग ईले जरा नीट शिकाडा."

तिने माझ्याकडे बघितलं. मी बोलेन म्हणून थांबली होती. नानाही माझ्या उत्तरासाठी थांबले होते.

मी म्हणालो, "हो, शिकवतो."