कोळशाच्या रेषेवरचा बैल

"घाई असन तं पांढुर्ण्याले जा, सर. तिकडं मशीन हाय," असं म्हणून रामाकोन्याचे मिस्त्रीबाबा विडी पेटवायचे, आणि कामाऐवजी आधी ती विडीच संपवायचे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लेकरं जे लाकडी बैल मिरवतात, ते हा माणूस करायचा. ठोकळ्यावर कोळशानं बैल काढायचा, एकदा बाजूनं, एकदा वरून. मग करवतीनं बोटाबोटावर खाचा मारायच्या, बरोबर रेषेपर्यंत, आणि पटाशीनं मधले तुकडे उडवायचे. एवढ्याला त्यांना पंधरा दिवस लागत. त्यातले बारा दिवस ते ठोकळ्याकडे बघत बसत. आपल्यासारख्या गिऱ्हाइकांना वळण लावायचं पुण्यकर्म ते फुकटात करत.

गेल्या वर्षी माझ्या मुलीला मी मोठा बैल कबूल केला होता. पोळा चार दिवसांवर आला तरी ठोकळ्यावर नुसती चित्रं. मी सौसरच्या शाळेतला मास्तर, म्हणजे दुसऱ्याचं काम कसं करावं हे मला उपजतच कळतं. मिस्त्रीबाबा जेवायला आत गेले तसा मी ठोकळा उचलून मोटारसायकलला बांधला आणि पांढुर्ण्याची लाकूड कापायची आरा मशीन गाठली.

मशीनवाल्यानं दोन मिनिटांत बाजूचा आकार कापला. वरचं चित्र कापलेल्या तुकड्यांबरोबर निघून गेलं, हे आम्हा दोघा विद्वानांच्या नंतर लक्षात आलं.

"अंदाजानं मारू का?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, मारा. शिंगं गेली, अर्धं वशिंडही गेलं.

परत नेऊन दिला, तेव्हा मिस्त्रीबाबांनी तो प्रकार उलटसुलट करून पाहिला. "लय भारी डुक्कर झालं, सर. पोरीले आवडन."

मग त्यांनी पटाशी घेतली. दोन दिवस विडी न ओढता त्या डुकरातून लहानसा गोऱ्हा काढला. "याले शिंगं नसतातच. पोरीले सांगजा, मोठ्याचं काम आजपासूनच सुरू करून राहिलो." मुलगी खूश झाली. मला लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात मिस्त्रीबाबा वारले. पोळ्याआधी मी त्यांच्या घरी गेलो, तर त्यांच्या बायकोनं एक ठोकळा माझ्यापुढे ठेवला. "तुमच्या पोरीचा हाय. मनत होते, सरले धीर नाही, याच्या खाचा तरी करून ठेवतो."

सगळ्या खाचा मारून झाल्या होत्या, बाजूनं आणि वरून, रेषेपर्यंत. पोळ्याच्या कितीतरी आधीच, म्हणजे त्यांच्या मानानं घाईच केली होती.

घरी येऊन मी पटाशी लावली आणि एक ठोका दिला. तुकडा कोळशाच्या रेषेवर अलगद सुटला आणि बैलाची पाठ दिसली.

"बाबा, आता पुढं?" मुलीनं विचारलं.

पुढचं मला येत नव्हतं. मी पटाशी खाली ठेवली आणि तिच्यासमोरच रडलो.