रचना: गरज नाही

मला भूमितीची भीती वाटते. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, कारण मुलुंडच्या एका मराठी शाळेत मी नववीला भूमितीच शिकवते.

पदवी माझी केमिस्ट्रीची. आमच्या गणिताच्या जुन्या बाई रिटायर झाल्या तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाल्या, "सायन्सवाली आहेस ना, मग गणित तू घे." नाही म्हणायची सोयच नव्हती. तेव्हा नववीच्या तीन तुकड्या होत्या, आता एकच उरलीय. दर वर्षी आमच्यातलं कोण 'अतिरिक्त' ठरणार आणि कुठल्या शाळेत फेकलं जाणार, याची धास्ती असते. मग काय, शाळेत असताना जशी प्रमेयं पाठ केली होती तशीच परत घोकली, अक्षरांसकट. त्रिकोण ABC. A वर, B डावीकडे, C उजवीकडे. कुणी त्रिकोण आडवा काढला की माझी भंबेरी उडायची. म्हणून चाचणीत मी आकृती पुस्तकातलीच द्यायचे. पोरं खूश, मीही खूश, आणि अकरा वर्षं अशीच मारून नेली.

पेपर तपासायची रीतही ठरलेली. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. काय दिलंय, काय सिद्ध करायचंय, आकृतीत जास्तीची रेघ कुठली काढायची, आणि मग पुरावा. हे चार शब्द एकाखाली एक दिसले आणि त्यांच्यापुढे पुस्तकातलंच वाक्य असलं की मार्क द्यायचे. मान वर करायचीही गरज नाही. एकीकडे चहा, एकीकडे गठ्ठा.

त्या घटक चाचणीत मी समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय घातलं होतं. त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या असल्या तर त्यांच्या समोरचे कोनही सारखे, एवढंच. वरचा कोन दुभागणारी रेघ काढायची, त्रिकोणाचे दोन तुकडे होतात, तुकडे एकरूप दाखवले की झालं काम. सगळ्या वर्गाने तसंच लिहिलं होतं. फक्त तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने लिहिलं होतं, 'रचना: गरज नाही.'

खाली तीनच ओळी. AB आणि AC सारख्या, AC आणि AB सारख्या, मधला कोन A तोच. म्हणून त्रिकोण ABC आणि त्रिकोण ACB एकरूप. म्हणून कोन B आणि कोन C सारखे.

मला हसूच आलं. त्रिकोण एकच, आणि ही बया त्याला त्याच्याशीच एकरूप ठरवतेय! लाल पेनाने फुली मारली, बाजूला लिहिलं, 'रचना कुठे आहे?' आणि पुढचा पेपर घेतला.

गुरुवारी पेपर वाटले. ही मुलगी तशी गप्पच असायची. तास संपल्यावर टेबलापाशी आली, पेपर माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "बाई, ह्यात चूक काय आहे?"

स्वरात उद्धटपणा नव्हता, भांडण नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी पेपर उचलला. पहिली ओळ वाचली, बरोबर. दुसरी वाचली, तीही बरोबर. तिसरी वाचली, तीही बरोबर. चूक सापडेना! ती समोर उभी, आजूबाजूला डब्यावर तुटून पडलेली पोरं, आणि माझ्या हातात मीच फुली मारलेला कागद. मला एवढंच कळत होतं की मला काहीच कळत नाहीये.

"पुस्तकात आहे का असं?" मी विचारलं.

"नाही."

"मग? बोर्डाच्या परीक्षेत असली अक्कल पाजळलीस तर शून्य मिळेल. जा, बस जागेवर."

ती गेली.

स्टाफरूममध्ये सायन्सचे सर होते, त्यांना विचारता आलं असतं. माणूस हुशार, पण तोंडाचा फाटका. "काय बाई, नववीची भूमिती अडली का?" हे ते सगळ्यांसमोर म्हणाले असते आणि वर्षभर म्हणत राहिले असते. आणि ते मोठ्या बाईंच्या कानावर गेलं असतं तर? ज्यांना गणित येत नाही त्या गणिताच्या बाई! अतिरिक्तची यादी करताना मग विचार कशाला करायला हवा? मी सरांना विचारलं नाही.

शुक्रवारी ती परत आली. ह्या वेळी कागदाचा त्रिकोण कापून आणला होता. "बाई, हा बघा, मी उचलून नुसता उलटा..." मी तिला बोलूच दिलं नाही. मोठ्या बाईंनी बोलावलंय म्हणून सांगितलं आणि सटकले. धडधडीत खोटं! पंचेचाळीस वर्षांची बाई मी, आणि एका चौदा वर्षांच्या पोरीला घाबरून जिन्याखाली जाऊन उभी राहिले. शनिवारी पालकसभा होती. तिची आई पेपर घेऊन येणार आणि सगळ्यांसमोर विचारणार, ह्या विचाराने मी सकाळपासून पाण्यावर पाणी पीत होते. आई आली. लेकीच्या पेपराकडे बघून म्हणाली, "बाई, हिला जरा दम द्या. स्वतःचंच काहीतरी लिहीत बसते." मी मान हलवली. सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची लगेच लाजही वाटली.

रविवारी सकाळी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. माझा ब्लाउज हँगरला लावला, दोरीला अडकवला, तर पाठ पुढे आली. म्हणून हँगर काढला, फिरवला आणि परत अडकवला. आणि तशीच थांबले. हँगर तोच. मघाशी होता तसाच दिसतोय. पण मघाशी जो खांदा डावीकडे होता तो आता उजवीकडे आहे. दोन्ही बाजूंना उतार सारखा, म्हणून तर फिरवल्यावर तो तसाच्या तसा बसला. त्रिकोण ABC. त्रिकोण ACB.

"अगं बाई!" मी मोठ्याने म्हटलं. आतून नवरा ओरडला, "काय झालं? पडलीस का?"

बरोबर होतं तिचं. रेघ नाही, तुकडे नाहीत, नुसता उचलून उलटा ठेवायचा. पुस्तकापेक्षा सुंदर होतं ते. अकरा वर्षं शिकवलेलं प्रमेय मला पहिल्यांदा दिसलं, तेही ओल्या कपड्यांच्या बादलीपाशी. आनंद झाला, शप्पथ सांगते, पण दोन मिनिटंच. मग भीतीने परत गाठलं. आता हे सांगावं लागणार होतं. पूर्ण वर्गासमोर. माझी फुली चुकली, मला कळलं नव्हतं, असं. रात्रीचं जेवण गेलं नाही.

सोमवारी वर्गात शिरले. ठरवलं होतं, तिलाच फळ्यावर बोलवायचं, तिची रीत तिच्याच तोंडून सगळ्यांना ऐकवायची, आणि मग म्हणायचं, मार्क मी चुकून कापले. एकदा बोलून टाकलं की संपलं.

"ये गं," मी म्हटलं, "ते प्रमेय सोडव फळ्यावर. तुझं तू."

ती आली. खडू घेतला. त्रिकोण काढला, A वर, B डावीकडे, C उजवीकडे. पक्ष लिहिला. साध्य लिहिलं. मग 'रचना' लिहून तिने पट्टी लावली आणि वरच्या कोनातून खाली रेघ ओढली. पुढे सगळं पुस्तकातलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. 'हेच सिद्ध करायचे होते' लिहून ती बाजूला झाली.

"हे नाही गं. तुझी ती रीत, उलटा करायची."

"ती चूक होती ना, बाई."

"चूक नव्हती. माझी चूक झाली. मला कळलं नव्हतं. तुझं बरोबर होतं." बोलले. आभाळ कोसळेल असं वाटलं होतं, पण काहीच झालं नाही. कुणी हसलंसुद्धा नाही. मी डस्टरने तिची ती रेघ पुसली आणि खडू परत तिच्या हातात दिला. "लिही. मी मार्क देणार आहे."

ती फळ्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे, मग टेबलावरच्या माझ्या लाल पेनाकडे. तिने खडू हळूच फळ्याच्या कडेला ठेवून दिला. ती भीती माझ्या चांगलीच ओळखीची होती.

"नको बाई," ती म्हणाली. "पुस्तकातलंच राहू दे. पाठ झालंय माझं."