सिस्टरबाईंचा सकाळचा राउंड

देवापुढे रोज सकाळी हात जोडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण देवाला समोर उभं करून त्याच्याकडून काम करून घेणाऱ्या बाई आयुष्यात एकच पाहिल्या. त्या परभणीला आमच्या समोरच्या घरात एकट्या राहत. सगळी गल्ली त्यांना सिस्टरबाई म्हणायची. दवाखान्यातली नोकरी संपून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण तिथली शिस्त त्या निघताना सोबत घेऊन आल्या होत्या आणि ती त्यांनी आमच्या गल्लीला लावली होती. जाता-येता कुणाचंही पोर थांबवून त्या त्याची जीभ पाहायच्या. नखं वाढलेली दिसली की पदराच्या गाठीतून कात्री निघायची. आमच्याकडे आलेल्या पाहुण्याला चहा देण्याआधी त्या अंगणातूनच विचारत, "खोकतो तो कोण हाय?" आणि मग पाहुणा दोन दिवस लवंग चघळत बसायचा.

बाई ख्रिस्ती होत्या, त्यातही अँग्लिकन. मी त्यांच्या समोर राहायला येण्याच्या काही वर्षं आधी त्यांच्या पंथाची आणखी काही पंथांशी एकी होऊन नव्या नावाची मंडळी, म्हणजे चर्च, झाली होती. बाईंनी ती मनावर घेतली नव्हती. "एकी साहेब लोकांची झाली. मला कुणी इचारलं का? मी अँग्लिकनच," असं त्या सांगत. एका बिशपच्या हाताखाली जो मुलूख असतो त्याला त्यांच्यात धर्मप्रांत म्हणतात. बाईंचा धर्मप्रांत फाटक्या पोत्यातून सांडत गेलेल्या ज्वारीसारखा होता. एका गावात दहा-पंधरा घरं, मग कितीतरी कोस काहीच नाही, मग कुठे नदीकाठी एक पत्र्याची खोली, तिच्यावर क्रूस आणि आत एक पाळक. पाळक म्हणजे त्यांचे पाद्री. या सगळ्या गावांसाठी आणि सगळ्या पाळकांसाठी बाई रोज सकाळी प्रार्थना करायच्या, आणि ती अशी की सगळ्या गल्लीला ऐकू जावी.

दवाखान्यात मोठे डॉक्टर राउंडला आले की नर्स एकेका खाटेपाशी उभी राहून रोग्याची हकीकत सांगते, अगदी तशी ती प्रार्थना असायची. खाटेच्या जागी गाव. बाकीचे ख्रिस्ती लोक देवाला 'तू' म्हणतात, बाई 'तुमी' म्हणत, कारण राउंडवर आलेल्या साहेबाला कोण अरेतुरे करतं? मी दाढीला बसलो की खिडकीतून सुरू व्हायचं. "सेलू. पाळकसाहेबांची सायकल चोरीला गेलीय, पायी हिंडायलेत, टाचा फुटल्यात. मानवत. मंडळी दोन तटांत बसायलीय, एक तट पेटीवाल्याचा, एक तबलेवाल्याचा, दोघंबी बेसूर. गंगाखेड. पाळकीणबाई रुसून माहेरी गेल्यात. चूक पाळकसाहेबांची हाय, त्यान्ला तुमीच सांगा." उसाचा हंगाम लागला की राणीसावरगावची अर्धी मंडळी ऊस तोडायला निघून जायची. तेव्हा बाईंचा आवाज जरा खाली यायचा. "पाळकसाहेब मोकळ्या सतरंजीम्होरं बोलायलेत. आणि लोकं कुण्या कारखान्याच्या फडावर झोपायलेत ते मला ठावं न्हाई. तेवढं तुमीच हुडका." सगळ्यात शेवटी बिशपसाहेब. त्यांना साखरेचा आजार होता, आणि तरी ते लग्नाघरी गोड खातात अशी बाईंची पक्की खबर होती.

ही खबर त्या कागदावर उतरवत नसत. सगळं तोंडपाठ. ती जमवायला त्या दुपारी एसटी स्टँडवर जाऊन बसायच्या. गंगाखेडचा कंडक्टर, सेलूहून कापूस घेऊन आलेला गाडीवान, बोरीहून लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या बायका, सगळ्यांना त्यांनी धरलेलं असायचं. त्यातले बहुतेक हिंदू, काही मुसलमान, पण आपल्या गावच्या पाद्र्याच्या तब्येतीची चौकशी करून ठेवायची असते हे त्यांना कळून चुकलं होतं. उलट बाजूनंही तसंच व्हायचं. भाजीवाली मेथीची जुडी देता देता विचारायची, "का वो सिस्टर, गंगाखेडच्या पाद्र्याची बायको आली का नांदायला?" आमच्या मुलीच्या जन्माच्या वेळी बाईंनीच सगळं केलं. दुसऱ्या सकाळी मानवत आणि गंगाखेडच्या मध्ये मी ऐकलं, "समोरच्या ओवरसियरला पोरगी झालीय. बाळबाळंतीण खुशाल. धर्मप्रांतात बसत न्हाईत, पर शेजारी हायेत."

तो ओवरसियर मी. वीज खात्यात होतो आणि आठवड्यातून तीन-चार वेळा खात्याच्या जीपनं येलदरीला जायचो. तिथे पूर्णेवर धरण आहे आणि वीजघर. धरणाच्या अलीकडे एका लहान गावात बाईंच्या मंडळीची एक वस्ती होती, त्यामुळे मलाही बातम्या आणायचं काम लागलं होतं. तिथले पाळक बुटके, काटक आणि तापट होते. त्यांचं आणि बाईंचं एकदा बिनसलं, त्याची गोष्ट अशी. कसल्याशा सभेला ते परभणीला आले, रात्री आमच्याच गल्लीत एका ओळखीच्या घरी उतरले आणि पहाटे अंथरुणात असतानाच त्यांच्या कानावर बाईंचा राउंड आला. पूर्णेकाठच्या पाळकसाहेबांना मूळव्याध आहे, ते तिखट सोडायला तयार नाहीत आणि म्हणून प्रवचनात चिडचिड करतात, हे बाई देवाला सविस्तर सांगत होत्या. समोरच्या ओट्यावर दात घासणारे चार जण माना डोलवत होते. सभा रविवारपर्यंत चालली, आणि त्या रविवारी परभणीतली उपासना संपल्यावर भर मंडळीत पाळकसाहेब बाईंना म्हणाले, "सिस्टर, प्रार्थना म्हणजे चव्हाटा नव्हे. देवाला सगळं ठाऊक असतं. त्याला तुमच्या खबरा नकोत." बाई घरी आल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या गावाची पाळी आली की फक्त एवढंच ऐकू यायचं, "येलदरीकडचं. ठीक." औषध घ्यायला नकार देणाऱ्या रोग्याबद्दल नर्स बोलते तसा तो 'ठीक' होता. मी बातमी आणली तरी त्या ऐकून घेत, पण वर पोचवत नसत. असं वर्षभर तरी चाललं.

मग त्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव दलित वस्त्या जळाल्या. ख्रिस्ती घरं त्याच वस्त्यांत होती, त्याच भावकीतली. जाळणाऱ्यांनी कुणाला धर्म विचारला नाही. एसटी बंद झाली, स्टँड ओस पडलं. बाई तरी दुपारी जाऊन बसायच्या आणि रिकाम्या परत यायच्या. सकाळी राउंड सुरू व्हायचा, पण आता त्यात हकीकत नसायची, नुसती गावांची नावं. "सेलू. खबर न्हाई. मानवत. खबर न्हाई." तीन दिवस मीही घरीच होतो. चौथ्या दिवशी ऑफिसच्या शिपायानं येऊन सांगितलं की येलदरीच्या अलीकडची ती वस्ती जळाली, माणसं रानात पळाली. पाद्र्याचं काय झालं ते त्याला माहीत नव्हतं. मी समोर जाऊन बाईंना सांगितलं. त्या निवडत असलेले तांदूळ तसेच निवडत राहिल्या.

दुसऱ्या सकाळी मी दाढीला बसलो होतो. सेलू झालं, मानवत झालं, गंगाखेड झालं. मग बाई म्हणाल्या, "येलदरीकडचं," आणि थांबल्या. गल्लीत कुणीतरी बादली भरत होतं, ते पाणीसुद्धा बंद झालं. मी वस्तरा हातात धरून वाट पाहिली. पुढचा शब्द आलाच नाही. पुढची गावंही आली नाहीत, बिशपसाहेबही नाहीत. वीजघरावर जायला मी बाहेर आलो तेव्हा जीपच्या मागच्या बाकावर सिस्टरबाई बसलेल्या होत्या. नोकरीतली पांढरी साडी, मांडीवर औषधांची पेटी.

"बाई, आज नको. रस्त्यात काही झालं तर?" मी म्हणालो.

"झालं तर नर्स सोबत हाय तुमच्या. चला."

माझी बायको दारातून म्हणाली, "न्या हो त्यांना. तुम्ही सोडून गेलात तर त्या चालत निघतील." तेही खरंच होतं. जिंतूरच्या अलीकडे पोलिसांनी जीप अडवली. माझे कागद पाहिले आणि बाईंकडे बोट केलं. मी काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "ड्यूटीवर जायलेय." शिपायानं साडी पाहिली, पेटी पाहिली आणि बाजूला झाला.

वस्तीत भिंती होत्या, छपरं नव्हती. पावसानं राखेचा चिखल झाला होता आणि एक शेळी त्यात उभी होती. क्रूसाच्या खोलीचे पत्रे वाकडे होऊन खाली आले होते. त्यातलाच एक पत्रा भिंतीला तिरपा लावून त्याखाली पाळकसाहेब बसले होते. सोबत दोन म्हाताऱ्या. त्यांना पळता येत नव्हतं म्हणून हे थांबले होते. उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला, त्यावर धोतराची चिंधी गुंडाळलेली. बाईंना पाहून ते उठायला लागले.

"बसा. हात दाखवा," बाई म्हणाल्या.

"सिस्टर, तुम्ही कशाला आलात इथं?"

"खबर न्हवती. खबरीबिगर मी वर काय सांगू?"

पाळकसाहेबांनी हात पुढे केला. बाईंनी चिंधी भिजवून सोडवली, जखम धुतली. पट्टी बांधून होईपर्यंत ते बोलत राहिले. कुणाचं घर आधी पेटलं, कोण नदीपलीकडे गेलं, कुणाला ताप आहे, कोणत्या शेतकऱ्यानं आपल्या शेतातल्या आखाड्यावर, गुरांच्या छपराखाली, चार घरांना आसरा दिला आणि स्वतः काठी घेऊन बाहेर बसला, सगळं सांगितलं. बाईंनी एकदाही मध्ये विचारलं नाही. पट्टीला गाठ मारली, हात पुसले, डोक्यावरून पदर घेतला आणि तिथेच चिखलात उभ्या राहून सुरू झाल्या. नेहमीचाच आवाज. मी आणि ड्रायव्हर जीपपाशी उभे होतो, आम्हाला शब्द न् शब्द ऐकू येत होता. एकेक घर, एकेक नाव, एकेक दुखणं. त्यांनी रडून काही मागितलं नाही. फक्त सांगत गेल्या आणि प्रत्येक नावापुढे जराशा थांबल्या, साहेबानं ऐकलं की नाही याची खात्री करून घ्यावी तशा. त्या शेतकऱ्याचंही नाव घेतलं. "धर्मप्रांतात बसत न्हाई," एवढं म्हणून पुढे गेल्या. शेवट करून त्या 'आमेन' म्हणणार, एवढ्यात पत्र्याखालून पाळकसाहेबांचा आवाज आला.

"सिस्टर, दगडूच्या आईचं राहिलं."

"काय झालंय तिला?"

"पाय मुरगळलाय. मूळव्याधही सांगा. माझी," ते म्हणाले. "रक्त जायलंय."

बाईंनी दोन्ही सांगितलं आणि मग आमेन म्हणाल्या. ड्रायव्हर मान खाली घालून उभा होता, तो मुसलमान होता, तोही काहीतरी पुटपुटला. दोन्ही म्हाताऱ्यांना आम्ही जीपमध्ये घालून परभणीला आणलं. त्या पुढे कितीतरी दिवस बाईंकडेच राहिल्या आणि त्यांची नखं नेहमी कापलेली असत. पाळकसाहेब मात्र आले नाहीत. लोक परत येतील तेव्हा कुणीतरी दिसलं पाहिजे, म्हणाले. लोक आले, पण सगळे नाही. काही पुण्याकडे गेले ते गेलेच. पत्रे पुन्हा चढले. बाईंच्या राउंडमध्ये येलदरीकडचं गाव आता सगळ्यात लांब चालायचं आणि मला ऑफिसला उशीर व्हायचा. पाळकसाहेबांनी त्यावर पुन्हा कधी तक्रार केली नाही. तिखट मात्र शेवटपर्यंत सोडलं नाही, हेही मला खिडकीतूनच कळलं.

पुढे माझी बदली झाली, मुलीची शाळा, घर, सगळं दुसरीकडे गेलं. नामांतराचा निकाल अखेर लागला त्या वर्षी उन्हाळ्यात काही कामानं मी परभणीला उतरलो. स्टँडवर एक बुटके म्हातारे गृहस्थ पिशवी सांभाळत उभे होते. उजव्या हाताची कातडी आवळलेली पाहून मी ओळखलं. आम्ही टपरीवर चहा घेतला. सिस्टरबाई आदल्या थंडीत गेल्याचं त्यांनी सांगितलं. फार दिवस पडून नव्हत्या. दूरदूरचे पाळक आले होते, त्यातल्या कित्येकांना बाईंनी कधी पाहिलेलंही नव्हतं. बाईंच्या घरात आता कुणी कापडवाला राहत होता. पाळकसाहेब स्वतः कधीच निवृत्त झाले होते, पण हिंगोलीकडच्या एका मंडळीला माणूस मिळेना म्हणून पुन्हा निघाले होते. गुडघे धरले होते, एका डोळ्याला कमी दिसत होतं. हे सगळं त्यांनी मी न विचारता सांगितलं.

"आता तुमच्यासाठी प्रार्थना कोण करतं?" मी विचारलं.

त्यांनी बशीतला चहा संपवला. "कुणी ना कुणी करत असंल. धर्मप्रांत मोठा आहे," ते म्हणाले. "पण ऐकू येत नाही हो."

हिंगोलीची गाडी लागली. मी त्यांची पिशवी वर दिली, त्यांनी खिडकीपाशी जागा धरली, आणि गाडी निघेपर्यंत आम्ही दोघं उन्हाळ्याबद्दल बोलत राहिलो.