ओढणीतला ठसका
नंदुरबारबाहेर पथारीवर वाळणाऱ्या मिरच्यांचा वास आला की ताईची दृष्ट काढली ती संध्याकाळ आठवते. ताई तेव्हा पंधराची होती आणि जवळ कुणी नसतानाही तिला माणसांचे आवाज ऐकू यायचे. नजर लागलेल्याला जळत्या मिरच्यांचा ठसका लागत नाही, असं आमच्या घरात मानायचे. आईने मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, मी खोकत दाराकडे पळाले. "तुले ठसका लागना का?" आईने खोकतच, पण आशेने विचारलं. ताईने तोंडात कोंबलेली ओढणी जरा काढली. डोळ्यांना धारा लागल्या होत्या. "नही लागना, माय." "मंग नजरच शे! आते बरी व्हई जाशी," म्हणत आई किती दिवसांनी हसली. आई जाऊन वर्षं झाली, ताईच्या गोळ्या चालूच आहेत, आणि फोडणीचा धूर झाला की ती अजून ठसका ओढणीतच गिळते.